निधी मागताना अख्खी वाट मागा

माझा धाकटा भाऊ ताडी काढताना झाडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तेव्हापासून उपचारांसाठी त्याला मुंबईला न्यावं लागतं. तलासरीला स्टेशन नाही. एसटी नाहीतर शेअर जीप धरायची आणि डहाणू रोड, घोलवड किंवा पलीकडचं उंबरगाव गाठायचं. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे पुढचा प्रवास सोपा व्हायला हवा होता.

आमच्या पट्ट्यातल्या एका जुन्या स्टेशनवर मात्र आम्ही दारातच अडकलो. रॅम्प होता, पण दुचाक्या फलाटावर चढू नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं आत गेली, मागची मोठी चाकं अडली. भावाला मी पाठुंगळी घेतलं, दोघांनी खुर्ची खांबांवरून उचलून पलीकडे ठेवली. तोवर गाडी निघून गेली आणि डॉक्टरांची वेळही टळली. रॅम्पवर सरकारचे पैसे खर्च झाले होते, आणि माझा भाऊ तरीही बाहेरच होता.

तेव्हापासून मी जो भेटेल त्याला एकच सांगतो: सुटी वस्तू मागू नका, रस्त्यापासून डब्यापर्यंतची सलग वाट मागा. लिफ्ट मागितली की लिफ्ट मिळते, तिच्यापुढची पायरी तशीच राहते.

मागणी करताना कायदा हाताशी ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ४१ रेल्वे स्टेशनांवरचं पार्किंग, स्वच्छतागृह आणि तिकीट खिडकी सुगम करायला सांगतं. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सुगमतेचे बंधनकारक निकष ठरवायला सांगितलं. त्यामुळे अर्जात ‘कृपा करावी’ असं लिहू नका. कलमाचा आकडा लिहा.

अर्जाआधी व्हीलचेअर घेऊन स्वतः चालून बघा आणि टेपने मोजा. रॅम्पचा चढ १ ला १२ पेक्षा उभा नको, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी हवी. दाराची मोकळी रुंदी निदान ९० सेंटिमीटर हवी. फलाट आणि डब्याच्या पायरीमधलं अंतर मोजा आणि प्रत्येक अडथळ्याचा टेपसकट फोटो काढा. ‘गैरसोय होते’ या दोन शब्दांना कुणी उत्तर देत नाही, सेंटिमीटरला द्यावं लागतं.

मग जागा कोणाची ते बघा. स्टेशनच्या हद्दीतलं काम रेल्वेचं, बाहेरचा रस्ता नगरपरिषदेचा, ग्रामपंचायतीचा किंवा बांधकाम खात्याचा, आणि बसची पायरी एसटीची. एकच अर्ज सगळ्यांना धाडलात तर तो टेबलाटेबलावर फिरत राहतो. अर्ज वेगवेगळे करा, पण वाटेचा नकाशा प्रत्येकाला तोच जोडा.

पैसा कुठून येतो तेही माहीत हवं. रेल्वेच्या अर्थसंकल्पात प्रवासी सुविधांचं स्वतंत्र शीर्ष आहे, ५३ क्रमांकाचं. मंजूर कामं दरवर्षी ‘पिंक बुक’मध्ये छापली जातात. आपल्या स्टेशनचं काम त्यात आहे का, किती पैसे मंजूर झाले, किती खर्च झाले, हे १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर विचारता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्कही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या अमृत भारत स्टेशन योजनेतही दिव्यांगांच्या सोयी धरलेल्या आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्याचा हिशेब ग्रामसभेत उभं राहून विचारा.

डहाणूकरांनी तर आताच जागं व्हावं. विरार ते डहाणू रोड तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे. पूल, जिने, फलाट यांची कामं होत असतानाच रॅम्प आणि लिफ्टची मागणी लेखी द्या. काँक्रीट पडल्यावर तेच काम कैक पटीने महाग होतं आणि मग ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ असं उत्तर मिळतं.

काम झालं की उद्घाटनाच्या फोटोवर समाधान मानू नका. लिफ्टची देखभाल कोणाकडे, वीज गेली तर काय, रात्री चावी कोणाकडे, हे लेखी घ्या. बंद लिफ्टची तक्रार रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर रेल्वेविरुद्ध दिल्लीच्या मुख्य दिव्यांग आयुक्तांकडे जा, एसटी किंवा नगरपरिषदेविरुद्ध पुण्याच्या राज्य आयुक्तांकडे. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तिथे तुमचे क्रमांक, फोटो आणि मोजमापं उपयोगी पडतात.

आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर कुणी तुमची सही मागितली, तर आधी व्हीलचेअरवरच्या माणसाला रस्त्यापासून डब्यापर्यंत एकट्याने जाऊ द्या. तो कुणी न उचलता पोचला तरच सही करा.