साकेचा तोजी

द्राक्षात साखर असते, म्हणून त्याच्या रसाची वाइन होते. तांदळात असते पिष्ट; ते यीस्टला पचत नाही. मग जपानी लोक तांदळाची साके करतात तरी कशी? या एका प्रश्नाने मला साकेविषयी वाचण्याचा छंद लावला. साके मी चाखलेली नाही. आनंद आहे तो समजून घेण्याचा.

उत्तर आहे 'कोजी' या बुरशीत. ती वाफवलेल्या तांदळावर वाढवतात. कोजी पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात, त्यामुळे मद्यार्क २० टक्क्यांपर्यंत चढू शकतो. तांदूळही आधी घासतात. 'दाइगिंजो' या उंची प्रकारासाठी दाण्याचा निदान निम्मा भाग काढून टाकतात.

पण मला सर्वांत भावला तो 'तोजी', म्हणजे मुख्य कारागीर. पूर्वी तो बहुधा शेतकरी असे. शेते बर्फाखाली गेली की गावची टोळी घेऊन तो साकेच्या कारखान्यावर जाई आणि वसंतात परते. माझे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, त्यामुळे ही टोळी मला परकी वाटली नाही.

या तोजींनी जपलेल्या कसबाला युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले, आणि तेही 'ज्ञान' म्हणून. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. पण ज्ञान घरात माझ्या आधीपासून होते, असे आता वाटते.