शालेय भोजन : कोठारातील धान्यापासून मुलाच्या ताटापर्यंत

सन 2001 च्या उन्हाळ्यात राजस्थानमध्ये लागोपाठच्या दुष्काळाने ग्रामीण जनता हवालदिल झाली होती. त्याच काळात भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्य ठेवायला जागा उरली नव्हती. 1 जुलै 2001 रोजी देशातील सरकारी धान्यसाठा 6 कोटी टनांहून अधिक होता. त्या तारखेला आवश्यक मानला गेलेला राखीव साठा सुमारे अडीच कोटी टनांचा होता. जयपूर शहराबाहेरच्या गोदामात धान्य सडत होते आणि तेथून काही तासांच्या अंतरावरील गावांत माणसे अर्धपोटी होती. या विसंगतीकडे बोट दाखवून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या राजस्थान शाखेने एप्रिल 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. अन्नाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा तिचा मुख्य मुद्दा होता. शाळेत मिळणाऱ्या जेवणाला आज जे कायदेशीर रूप आले आहे, त्याचा उगम या याचिकेत आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच या योजनेकडे ‘कल्याणकारी योजनांच्या यादीतील एक नाव’ म्हणून पाहू नये.

याचा अर्थ शालेय भोजनाची कल्पना 2001 मध्ये जन्मली असा नव्हे. मद्रास महापालिकेने गेल्या शतकाच्या विसाव्या दशकातच गरीब मुलांना शाळेत जेवण देण्यास सुरुवात केली होती. पुढे के. कामराज यांनी 1956 मध्ये आणि एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये तमिळनाडूत या कार्यक्रमाचा व्याप वाढविला. रामचंद्रन यांच्या निर्णयावर त्या वेळी ‘लोकानुनय’ म्हणून टीका झाली. आज तीच योजना पाठ्यपुस्तकांत आदर्श म्हणून येते. केंद्र शासनाने 15 ऑगस्ट 1995 रोजी प्राथमिक शिक्षणास पोषण साहाय्य देणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2,408 विकास गटांत सुरू केला आणि 1997-98 पर्यंत तो देशभर नेला. प्रत्येक मुलामागे शाळेच्या प्रत्येक दिवशी 100 ग्रॅम धान्य केंद्राने मोफत द्यावे आणि राज्याने ते शिजवावे, अशी रचना होती.

प्रत्यक्षात बहुतेक राज्यांनी ते शिजवले नाही. इंधन, डाळ, तेल, भांडी आणि स्वयंपाकी यांचा खर्च राज्यांच्या अंगावर पडत होता. त्यामुळे 80 टक्के उपस्थिती असलेल्या मुलाला महिन्याकाठी 3 किलो धान्य घरी देण्याचा सोपा मार्ग निवडला गेला. महाराष्ट्रातही अनेक वर्षे मुले शाळेतून तांदूळच घरी नेत असत.

कोरडे धान्य की शिजवलेले अन्न?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे, कारण हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. 3 किलो गहू घरी गेला की तो कुटुंबाच्या शिध्यात मिसळतो. पाच माणसांच्या घरात त्यातला कितपत वाटा त्या मुलाच्या, त्यातही मुलीच्या ताटात पडेल, हे घरातील सत्तेच्या वाटणीवर अवलंबून राहते. शिवाय महिन्यातून एकदा मिळणाऱ्या धान्याचा आणि ‘आज शाळेत जावे की नाही’ या रोजच्या निर्णयाचा संबंध फारच क्षीण असतो. शिजवलेले अन्न मात्र त्याच मुलाच्या पोटात, त्याच दिवशी, शाळेतच जाते. एकाच सरकारी धान्याचा परिणाम वाटपाच्या पद्धतीमुळे किती बदलतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

यावर एक आक्षेप घेतला जातो. मूल शाळेत जेवले तर आई घरी तेवढेच कमी वाढेल. मग निव्वळ लाभ शून्यच नाही का? आक्षेप तर्कशुद्ध आहे, पण पुराव्यावर टिकत नाही. फरझाना आफ्रिदी यांच्या मध्य प्रदेशातील अभ्यासात (प्रकाशन 2010) असे आढळले की, शाळेतील अन्नातून जेवढी पोषकद्रव्ये दिली जातात त्यांपैकी 49 ते 100 टक्के एवढी भर मुलाच्या त्या दिवसाच्या आहारात खरोखर पडते. घरचे ताट फारसे आखडत नाही.

28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान 200 दिवस, किमान 300 उष्मांक आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले भोजन द्यावे, आणि कोरडे धान्य देणाऱ्या राज्यांनी सहा महिन्यांत हा बदल पूर्ण करावा, असे त्यात होते. राजस्थानने जुलै 2002 मध्ये सुरुवात केली. पहिला पदार्थ होता ‘घूघरी’, म्हणजे गूळ घालून उकडलेले गहू. मराठी वाचकाला बारशाच्या घुगऱ्या आठवतील. घुगऱ्या एखाद्या दिवशी गोड लागतात. रोज त्याच मिळाल्या तर मुले कंटाळतात, आणि तसेच झाले. पुढे दाल-रोटी, भाजी-रोटी, खिचडी आणि आठवड्यातून एकदा फळ असा आठवड्याचा क्रम आला.

तरीही त्या ओबडधोबड घूघरीचा परिणाम दिसला. ज्याँ द्रेझ आणि अपराजिता गोयल यांनी 2003 च्या आरंभी राजस्थान, छत्तीसगड आणि कर्नाटक येथील शाळांची पाहणी केली. तेव्हा भोजन सुरू झाल्यावर पहिलीच्या पटसंख्येत सुमारे 15 टक्के वाढ झाल्याचे आणि मुलींच्या बाबतीत ती अधिक असल्याचे दिसून आले. केवळ उकडलेल्या गव्हाने मुलगी शाळेत येते, ही बाब त्या गव्हाच्या चवीपेक्षा तिच्या घरच्या स्थितीविषयी अधिक सांगते.

ताटाचे गणित

केंद्राने 2006 मध्ये प्राथमिक वर्गांसाठी 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने हे प्रमाण निश्चित केले. ऑक्टोबर 2007 पासून सहावी ते आठवीचे वर्ग प्रथम शैक्षणिकदृष्ट्या मागास गटांत आणि 2008-09 पासून देशभर समाविष्ट झाले. त्यांच्यासाठी 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने हे प्रमाण आहे. हे आकडे पाठ करण्याऐवजी ते कसे येतात हे समजून घेतल्यास विसरत नाहीत. प्राथमिक शाळेतील मुलाच्या वाट्याला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल येते. धान्यातून साधारण 340, डाळीतून 65 ते 70, तेलातून 45 आणि भाजीतून थोडे, असे मिळून 450 च्या वर उष्मांक होतात. प्रथिनांच्या बाबतीत गहू आणि तांदूळ यांत फरक पडतो. 100 ग्रॅम गव्हात सुमारे 11 ग्रॅम, तर तांदळात 7 ते 8 ग्रॅम प्रथिने असतात; 20 ग्रॅम डाळ त्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास भर घालते. म्हणजे राजस्थानच्या रोटीत डाळ थोडी कमी पडली तरी प्रथिनांचे प्रमाण कसेबसे गाठले जाते. महाराष्ट्राच्या खिचडीत डाळ पातळ झाली की ते लगेच घसरते. आणि महागाईत पहिली कात्री डाळीलाच लागते.

ही कात्री का लागते, हे दरांवरून कळते. धान्य केंद्राकडून मोफत मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधन यांसाठी 1 मे 2025 पासून बालवाटिका व प्राथमिक वर्गांना प्रतिदिन प्रतिविद्यार्थी 6 रुपये 78 पैसे आणि उच्च प्राथमिक वर्गांना 10 रुपये 17 पैसे असा दर ठरला. उदाहरणादाखल तूरडाळ 120 रुपये, तेल 140 रुपये आणि भाजी 40 रुपये किलो धरली, तर डाळीचे 2 रुपये 40 पैसे, तेलाचे 70 पैसे आणि भाजीचे 2 रुपये होतात. उरलेल्या 1 रुपया 68 पैशांत मीठ-मसाला आणि गॅस. डाळ 160 रुपयांवर गेली की ही उरलेली रक्कम जवळजवळ निम्मी होते. दरवाढ वर्षा-दोन वर्षांनी होते, बाजार मात्र आठवड्याला हलतो. या योजनेचा खरा कमकुवत दुवा प्रस्तुत लेखकाच्या मते येथे आहे. अनेकदा ज्याची चर्चा होते त्या ‘गैरव्यवहारात’ तो तितका नाही.

हक्काचे स्वरूप

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, 2013 च्या कलम 5 ने सहा ते चौदा वर्षे वयोगटातील (किंवा आठवीपर्यंतच्या) मुलांना सरकारी व अनुदानित शाळांत मोफत भोजनाचा हक्क दिला. 2015 च्या नियमांनुसार, भोजन न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देय ठरतो. भोजन वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन पाहण्याची अट आहे. ती औपचारिक वाटू नये म्हणून 16 जुलै 2013 चा बिहारमधील सारण जिल्ह्याचा प्रसंग आठवावा. कीटकनाशक मिसळलेल्या शालेय भोजनाने तेथे 23 मुले दगावली.

29 सप्टेंबर 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमास ‘पीएम पोषण’ या नावाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी मंजुरी दिली. बालवाटिकांचा समावेश, शाळेतील परसबाग, सामाजिक लेखापरीक्षण आणि लोकसहभागाचे ‘तिथी भोजन’ ही त्यातील नवी वैशिष्ट्ये होत. 11.80 कोटी मुले आणि 11.20 लाख शाळा हा त्या वेळचा अपेक्षित आवाका होता. केंद्र-राज्य खर्चाचे प्रमाण सर्वसाधारण राज्यांसाठी 60:40 आणि ईशान्य व हिमालयीन राज्यांसाठी 90:10 आहे.

स्वयंपाक कोणी करावा, याचे उत्तरही न्यायालयाने 20 एप्रिल 2004 च्या आदेशात दिले होते. स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले होते. दलित स्त्रीने रांधलेले अन्न सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीत बसून खाणे, हा या योजनेचा कोणत्याही पोषणतक्त्यात न मोजला जाणारा लाभ आहे. काही गावांत त्यास विरोध झाला, आणि आजही अधूनमधून होतो. जयपूरसारख्या शहरात चित्र वेगळे आहे. तेथे शाळांत स्वयंपाकघराला जागा नसल्याने जगतपुरा भागातील अक्षय पात्र संस्थेच्या यांत्रिक स्वयंपाकघरासारख्या केंद्रीय व्यवस्थेतून अन्न पाठविले जाते. यंत्रावर हजारो रोट्या होतात, स्वच्छता राखणे सोपे जाते, खर्चही आटोक्यात राहतो. मात्र वस्तीतील चार स्त्रियांचा रोजगार, गरम ताट आणि मुलांच्या आवडीनिवडींवर लक्ष ठेवणारी ओळखीची नजर, एवढे गमवावे लागते.

दूध, अंडे आणि आकडे

प्रथिनांची उणीव भरून काढण्याचे राज्यांचे मार्ग निरनिराळे आहेत. तमिळनाडूने 1989 पासून भोजनात अंडी आणली. राजस्थानने दुधाचा मार्ग धरला : जुलै 2018 मध्ये अन्नपूर्णा दूध योजना, तर 29 नोव्हेंबर 2022 रोजी दूध भुकटीवर आधारित बाल गोपाल योजना सुरू झाली. तीत पाचवीपर्यंतच्या मुलांना 150 आणि पुढच्या वर्गांना 200 मिलिलिटर दूध ठरले होते. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांस केळी, असा निर्णय घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबविला. अंड्याला विरोध करणाऱ्यांच्या भावनांचा आदर ठेवूनही म्हणावे लागते की, पर्यायाची सोय असताना खाणाऱ्या मुलाचे अंडे काढून घेण्यास पोषणशास्त्रीय आधार नाही.

या प्रश्नाची निकड पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून (2019-21) दिसते. पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण देशात 35.5, राजस्थानात 31.8 आणि महाराष्ट्रात 35.2 टक्के होते. उंचीच्या मानाने कृश मुले राजस्थानात 16.8, तर महाराष्ट्रात तब्बल 25.6 टक्के. दरडोई उत्पन्नात कितीतरी पुढे असलेल्या राज्याने या ओळीवर विचार करावा. वय 6 ते 23 महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशात केवळ 11.3 टक्के होती. म्हणजे शाळेच्या ताटापर्यंत पोहोचण्याआधीच पुष्कळ नुकसान झालेले असते. मात्र हा परिणाम पिढ्या ओलांडून उलट दिशेनेही जातो : 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, ज्या मातांना स्वतःच्या शालेय वयात या भोजनाचा लाभ मिळाला होता, त्यांच्या मुलांची वयानुसार उंची अधिक चांगली आढळली.

आता शहरी बाजू. जयपूरच्या मालवीय नगरात संध्याकाळी फेरफटका मारला, तर एका हाताला उपाहारगृहांची आणि मॉलची रोषणाई, दुसऱ्या हाताला झालाना डूंगरीच्या कच्च्या वस्त्या दिसतात. वस्तीतले मूल सरकारी शाळेत दुपारी डाळ-रोटी जेवते. सुखवस्तू घरातले मूल खाऊच्या पैशांतून वेफर्स आणि गोड शीतपेय घेते. 2016-18 च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत 5 ते 9 वयोगटातील सुमारे 10 टक्के मुले मधुमेहपूर्व अवस्थेत आढळली, तर त्याच वयोगटात रक्तक्षय सुमारे 24 टक्के होता. यालाच कुपोषणाचा दुहेरी भार म्हणतात, आणि तो श्रीमंत-गरीब अशा दोन घरांत वाटलेला नाही. स्वस्त पुड्यांतले तळलेले पदार्थ वस्तीतही पोहोचले आहेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमांनुसार, जास्त मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून 50 मीटरच्या आत करता येत नाही. हे 50 मीटर मोजण्याचे काम शाळेचे, नगरपालिकेचे की अन्न निरीक्षकाचे, यावर मात्र एकमत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. फलक वाचून सवय बदलणारी मुले थोडीच असतील. सवय लागते ती रोज त्याच वेळी, सोबत्यांच्या पंगतीत, हात धुऊन, समोर आलेली पालेभाजी खाण्याने. आणि त्यासाठी आपल्याकडे 1995 पासूनची व्यवस्था आहे, जी खासगी शाळांना लागू नाही.