भरतीची वेळ आणि किनाऱ्यावरील पायवाट

झाशीच्या बडा बाजारात वाढलेल्या मुलास पाण्याची ओळख बेतवेवरून झालेली असते. नदी पावसाळ्यात चढते व उन्हाळ्यात उतरते. तिच्या काठाने फिरणाऱ्यास घड्याळ पाहावे लागत नाही. १८५४ साली कंपनीने झाशी खालसा करीपर्यंत तेथे राज्य करणारे नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. त्यांच्या राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी आज सुटीत मुलांसह कोकणात उतरले, तर समुद्र दिवसातून दोनदा चढतो, ही गोष्ट त्यांनी प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणून भरती रोज पाऊण तासाहून किंचित अधिक उशिरा येते. किनाऱ्यावरील लोकांचा आडाखा यावरच आधारलेला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ स्थूलमानाने निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा; म्हणजे सहाच्या सुमारास भरती व बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस याच्या उलट, दुपारी बाराच्या आगेमागे भरती. त्या दिवसांत उधाण असते. पाणी दूरवर ओसरते, एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात, मुलांना खेकडे व कालवे पाहावयास मिळतात. पण तेच पाणी परतते तेही वेगाने.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याचे उत्तम उदाहरण होय. खडकांमधील चिंचोळ्या पायऱ्या उतरून ही वाट लाटांनी झिजलेल्या कातळावर येते. एका बाजूस उभा कडा, दुसऱ्या बाजूस समुद्र. अमावास्येस सावकाश न्याहारी करून नऊच्या सुमारास निघालेले कुटुंब नेमके त्या घटकेस कातळावर पोहोचते, जेव्हा पाणी सर्वांत झपाट्याने चढत असते. येथे माणसे वाहून गेलेली आहेत. म्हणून ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी तासभर उतरावे, पाणी फिरताच परतावे, आणि निघण्यापूर्वी गावातील जाणत्यास वेळ विचारावी. आडाखा तासभर चुकू शकतो. पावसाळ्यात तर या वाटेचे नावच काढू नये.

वृद्ध मंडळी बरोबर असल्यास गणपतीपुळे बरे. तेथील प्रदक्षिणा डोंगराभोवतीची, सुमारे एक किलोमीटरची आहे. तीस तिथी पाहावी लागत नाही.