अठरा वर्षांनंतर काय?

ज्या घरात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल असते, त्या घरातील आईबापांस एक प्रश्न रात्री झोपू देत नाही : ‘आमच्या मागे याचे कसे होणार?’ शाळा आहे तोवर दिवस सरतो. ४० टक्के वा अधिक अक्षमता असलेल्या मुलांस २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण अठरावे सरले की बहुतेक मुले घरी बसतात, आणि शिकलेलेही हळूहळू विसरतात. या प्रौढांना काम कसे मिळेल, याचा थोडा विचार आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्याकडे या मुलांसाठी मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा आणि पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. १९८४ साली सिकंदराबादेस केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. कार्यशाळांतून मेणबत्त्या, पाकिटे, पणत्या करण्याचे शिक्षण अनेक ठिकाणी मिळते. हे कार्य मोठेच आहे. परंतु ‘आधी शिकवा, मग नोकरी शोधा’ या क्रमात एक उणीव राहते : शिकणे संपत नाही आणि नोकरीचा दिवस उगवत नाही.

अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकाने १९७० च्या दशकात दाखवून दिले की, ज्यांना काहीच जमणार नाही असे ठरविले गेले होते, ती माणसेही सायकलच्या ब्रेकची अवघड जुळणी शिकतात. मात्र काम लहान लहान पायऱ्यांत तोडून शिकविले पाहिजे. पुढे क्रमच उलटला : आधी खऱ्या नोकरीवर ठेवा, मग तेथेच शिकवा. १९८६ साली तेथील कायद्यात या ‘आधारयुक्त रोजगारा’ला स्थान मिळाले.

ही पद्धत चालते कशी? समजा, छापखान्यात पाकिटे भरण्याचे काम आहे. प्रथम मुलाची आवड, ताकद आणि त्रास देणाऱ्या गोष्टी पाहावयाच्या. गोंगाट सहन होत नसेल तर यंत्रापासून दूरची जागा. मग काम तोडावयाचे : कागद उचलणे, रेघेवर घडी घालणे, पाकिटात सरकविणे, तोंड चिकटविणे, पंचवीसचा गठ्ठा करणे. मोजता येत नसेल तर पंचवीस खणांची पेटी द्यावी. पेटी भरली की गठ्ठा झाला. बरोबर एक मार्गदर्शक असतो. तो आधी हात धरून, नंतर खुणेने, नंतर नुसते जवळ उभे राहून शिकवितो आणि हळूहळू मागे सरतो. तो सरताना शेजारच्या कामगाराने त्याची जागा घ्यावी, हे सर्वांत महत्त्वाचे. पुढेही महिन्या दोन महिन्यांनी विचारपूस चालू ठेवावी, कारण मालक बदलला, बसचा मार्ग बदलला की घडी विस्कटते.

कायदाही आता पाठीशी आहे. १९९५ च्या कायद्यातील ३ टक्के राखीव जागांत बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वाटा नव्हता. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा ठेवल्या. त्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. मात्र सरकारी जागा थोड्या. खरा आधार दुकाने, कारखाने आणि कचेऱ्याच देणार.

आईबापांची भीती आम्ही जाणतो : कोणी हसेल, कोणी राबवून घेईल, वाटेत हरवेल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच पगार ठरवून घ्यावा, वाट अनेकदा बरोबर चालून शिकवावी, आणि आरंभ दोन तासांच्या कामाने करावा. पण भीतीपोटी मुलाला घरातच ठेवले तर आपल्या मागे तो अधिकच एकाकी पडेल.

आपल्या ट्रस्टच्या सभासदांत दुकानदार आहेत, छापखानेवाले आहेत, कचेऱ्यांतील अधिकारी आहेत. प्रत्येकाने आपल्याकडील एक काम निवडून त्याच्या पायऱ्या कागदावर उतराव्यात, आणि ते कोणाला जमेल हे शेजारच्या घरी जाऊन विचारावे. दया नको, काम द्यावे आणि त्याचा पुरा मोबदला द्यावा. महिनाअखेर आईच्या हातावर पहिला पगार ठेवणाऱ्या मुलाला त्या दिवशी घरात वेगळा मान मिळतो, आणि आईचा तो जुना प्रश्न थोडा तरी हलका होतो.