जांघेतला प्रत्येक डाग गजकर्ण नसतो



वस्तीत तपासणीला गेलो की आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते : "जांघेत डाग पडलाय, दोन महिने गजकर्णाची ट्यूब लावतोय, जातच नाही." जागा लाजेची, म्हणून डॉक्टरला दाखवायचे नाही, एक ट्यूब संपली की मेडिकलमधून दुसरी आणायची. पण तो डाग गजकर्णाचा नसेलच तर?

एरिथ्राझ्मा नावाचा त्वचारोग असाच फसवतो. गजकर्ण बुरशीमुळे होते, हा रोग जीवाणूमुळे होतो. पूर्वी डॉक्टरही याला बुरशीच समजत. खरे कारण १९६१ साली स्पष्ट झाले. घाम साचतो तिथे हा होतो : जांघ, काख, स्तनाखालची घडी, पायाच्या बोटांच्या बेचक्या. दिवसभर गमबूट घालणारे आणि मधुमेह असणारे यांना धोका जास्त.

फरक काय? गजकर्णाची कड उठावदार, लालसर असते, मधला भाग निवळत जातो आणि खाज फार सुटते. एरिथ्राझ्माचा डाग सगळीकडे सारखाच तपकिरी-लालसर, बारीक सुरकुतलेला असतो. खाज थोडी किंवा नसतेच. मात्र दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये.

सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे. वूड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली हा डाग पोवळ्यासारखा लाल चमकतो. तपासणीला जाण्याआधी ती जागा साबणाने घासून धुऊ नका; चमक धुऊन जाते आणि निदान चुकते. बुरशीची शंका असेल तर डॉक्टर कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

निदान झाले की औषध ठरते. बुरशीवरच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांनी हा जीवाणू मरत नाही. डाग थोडा असेल तर डॉक्टर क्लिंडामायसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचे मलम देतात. पसरला असेल तर क्लॅरिथ्रोमायसिनसारखी गोळी. गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरोदरपण, हृदयविकार किंवा चालू असलेली इतर औषधे डॉक्टरांना आधी सांगावीत.

सर्वांत घातक ती 'सगळ्यांवर चालणारी' मिश्र ट्यूब. तिच्यावरची नावे वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन दिसले तर ते स्टेरॉइड आहे. आठवडाभर बरे वाटते, संसर्ग मात्र आत वाढतो. जांघेतली कातडी पातळ होते, कायमचे वळ पडतात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती लावू नका.

अंघोळीनंतर घड्या कोरड्या पुसा, सुती आणि सैल कपडे घाला, टॉवेल वेगळा ठेवा. डाग पुन्हा पुन्हा येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. आणि घरातल्या मुलीबाळींना, सुनांना एवढे जरूर सांगा : आजार अंगाच्या कोणत्याही भागाचा असो, तो दाखवण्यात लाज नाही.