झिंग्यांची मुंडकी खावी की फेकावी?



पावसाळा लागला की वरोऱ्याच्या बाजारात नदी-तलावाचे ताजे झिंगे येतात. सुके झिंगे आणि जवळा तर बारा महिने मिळतो. मागे वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत मी रक्त वाढवण्याबद्दल बोलत होते. तेव्हा एका बाईने विचारले, "ताई, झिंग्याची मुंडकी खाल्ली तं चालते का? पोट्ट्यायले अन् घरधन्याले मास वाढतो, मुंडक्यायचा रस्सा आमच्या वाट्याले येते." बाकीच्या हसल्या. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देते.

मुंडक्यात असते काय?

झिंग्याचे मास शेपटीकडे असते. पोट डोक्यातच असते, आणि त्याला लागून पिवळसर, तपकिरी किंवा हिरवट गर असतो. लोक त्याला मेंदू म्हणतात, पण तो मेंदू नव्हे. आपल्या शरीरात यकृत आणि स्वादुपिंड जे काम करतात, ते झिंग्यात ही एकच ग्रंथी करते. चव आणि चरबी त्यातच असते, म्हणून रस्सा दाट होतो. पण झिंगा ज्या पाण्यात वाढला त्या पाण्यातले जड धातूही याच गरात साठतात, विशेषतः कॅडमियम. युरोपात झिंग्यातील कॅडमियमची जी मर्यादा ठरली आहे, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ती फक्त मासाला लागू आहे. डोके त्यात धरलेले नाही.

कॅडमियमची भीती कोणाला?

हा धातू शिजवून जात नाही. शरीरात गेला की मूत्रपिंडात वर्षानुवर्षे मुक्काम करतो. जास्त साठला तर मूत्रपिंड बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात. जपानमध्ये तोयामा भागात खाणीचे पाणी नदीत उतरले आणि ते भातशेतीत गेले. तो भात खाऊन माणसांची हाडे मोडू लागली, रुग्ण वेदनेने कण्हत. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने हा आजार कॅडमियममुळे झाल्याचे मान्य केले. त्या रुग्णांत बहुतेक चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या बायका होत्या. तिथे कारण भात होता, झिंगे नव्हते. आणि अधूनमधून मुंडकी खाल्ल्याने कोणाला तो आजार होणार नाही. पण एक धडा घ्यायचा. अंगात लोह कमी असले की आतडे कॅडमियम जास्त शोषते. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. म्हणजे जिच्या अंगात रक्त नाही, तिच्याच ताटात मुंडकी पडतात. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर मुंडकी टाळलेलीच बरी.

झिंगे कुठल्या पाण्याचे?

चंद्रपूरचा औद्योगिक पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या अतिप्रदूषित यादीत होता. कोळशाच्या राखेत कॅडमियम, आर्सेनिक, पारा थोड्या प्रमाणात असतो. म्हणून विकणाऱ्याला विचारा, "दादा, झिंगे कुठले?" खाणीचे, राखेचे किंवा गटाराचे पाणी जिथे उतरते, तिथले झिंगे घेऊच नका. घेतलेच असतील तर मुंडकी काढून फेका, कुटून रस्सा करू नका. कुटले की सगळा गर रश्श्यात उतरतो.

मुंडके आधी सडते

झिंगा मेला की पोटातले पाचक रस त्याचेच मास विरघळवू लागतात. म्हणून मुंडके काळे पडते, सैल होते आणि सहज गळून येते. नुसते काळे पडणे म्हणजे विष नव्हे, पण माल शिळा असल्याची ती खूण आहे. उग्र, डोळ्याला झोंबणारा वास आला तर घेऊ नका. घरी फ्रीज नसेल तर आणल्या आणल्या मुंडकी काढा, पाठीतला काळा धागा ओढून काढा (ते आतडे असते) आणि त्याच दिवशी शिजवा.

मग खायचे कसे?

• बारीक जवळा अख्खाच खातात. त्यात हरकत नाही. त्यात प्रथिने आहेत, सालीत कॅल्शियम आहे. स्वस्त म्हणून तो हलका आहार नाही.
• मोठे सुके झिंगे तव्यावर भाजा, हाताने चोळा आणि सुपात पाखडा. मुंडकी, मिशा, पाय आणि रेती निघून जाते. मग कोमट पाण्यात धुऊन वांग्यात टाका. खारवलेले असतील तर भाजीत मीठ कमी घाला. रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावे.
• स्वच्छ पाण्याच्या ताज्या झिंग्यांची मुंडकी कधीमधी खाल्ली तर चालेल, रोज नको. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी टाळावी.
• डोक्यावरचा करवतीसारखा काटा घशात रुततो. लहान मुलांना मुंडके देऊ नका.
• झिंगे पूर्ण शिजवा. नदीचा खेकडाही अर्धवट भाजून खाऊ नका. ईशान्य भारतात कच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जंत होतात. खोकल्यातून रक्त पडते आणि टीबी समजून भलतेच औषध चालते.

ही खूण विसरू नका

काहींना झिंग्याची अॅलर्जी असते. ती मासातूनही होते, रश्श्यातूनही होते, आणि शिजवून जात नाही. आजवर पचले म्हणून पुढेही पचेलच असे नाही. मी नर्स असताना ओठ सुजलेला, घरघर लागलेला तरुण रात्री वॉर्डात आलेला पाहिला आहे. घरच्यांनी आधी लिंबू उतरवण्यात वेळ घालवला होता. गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर एक मिनिट न घालवता १०८ ला फोन करा. त्या माणसाने पुन्हा झिंगे खाऊ नयेत.

शेवटी त्या बाईला दिलेले उत्तरच इथे देते. बाई, मुंडक्यांनी तुझे रक्त वाढणार नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या, चहासोबत नाही. आणि झिंगे शिजले की मास सगळ्यांच्या ताटात सारखे वाढ. तुझ्याही.