खुबा दुखतोय, ऑपरेशन करू का?

खो-खोत चौकोनात दबा धरून बसायचं आणि खो मिळाला की सुटायचं. नेमकं त्या उठण्यातच माझ्या जांघेत कळ यायची. एमआरआयमध्ये लॅब्रम, म्हणजे खुब्याच्या खोबणीच्या कडेची कूर्चा, फाटलेली निघाली. पहिल्या सर्जननी रिपोर्ट वाचता वाचताच ऑपरेशनची तारीख सुचवली.

मला थांबवलं ते फिजिओ मॅडमनी. "कुठेही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या एमआरआयतही अशी फाट दिसते गं. तुझं दुखणं तिथूनच येतंय कशावरून?" म्हणून आधी सांध्यात भुलीचं इंजेक्शन घेतलं. त्याचा अंमल होता तेवढा वेळ मी बिनदिक्कत उकिडवी बसू शकले. दुखणं सांध्यातलंच, हे तेव्हा पटलं. तुम्हीही ही खात्री करून घ्या.

पुढचे काही महिने व्यायाम. शेक आणि मशीन नव्हे; नितंबाच्या, पोटाच्या स्नायूंना घाम फुटेल असा. ब्रिटनमध्ये खुब्याची हाडं एकमेकांवर घासणाऱ्या 348 रुग्णांवर झालेला अभ्यास 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. फिजिओथेरपीवाले सुधारले, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेले त्यांच्यापेक्षा थोडे जास्त. त्या 'थोड्या'साठी कुबड्या आणि बुडालेला हंगाम परवडतो का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझं दुखणं निम्म्यावर येऊन अडलं, तेव्हा मी ऑपरेशन केलं. आज खेळते, पण खांबावरची झेप अजून जपूनच.

सर्जनना विचारा: अशी किती ऑपरेशनं करता? सांध्याची झीज किती? झीज बरीच असेल तर दुर्बिणीचा फारसा उपयोग होत नाही. टेनिसपटू अँडी मरेच्या खुब्याचं पहिलं ऑपरेशन जानेवारी 2018 मधलं. वर्षभरात हाडाच्या गोळ्यावर धातूची टोपी बसवायची वेळ आली. त्यानंतरचं अँटवर्पचं विजेतेपद सगळे सांगतात, आधीच्या ऑपरेशनचा विषय कुणी काढत नाही.

एका बाबतीत मात्र थांबू नका. पाय टेकताच जांघेत दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर मांडीच्या हाडाच्या मानेला तडा गेलेला असू शकतो, किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला. तिथे व्यायाम करत बसायचं नाही. खेळ त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे जाऊन एमआरआय लगेच.